मनगटावरची मोजपट्टी

(व्यायाम करावा, असे सर्वच जण सांगतात. पण तो किती जोराने करावा, हे कसे ओळखायचे? त्यासाठी लागणारे साधन प्रत्येकाजवळ असते. ते साधन कोणते आणि ते कसे वापरायचे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

वसईचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. निदान त्याचे नाव तरी सर्वांनी ऐकले असेल. या किल्ल्याच्या उत्तरेला गिरीज नावाचे गाव आहे. हा सगळा भाग सपाट आणि हिरवागार. जिकडेतिकडे वाड्या, विहिरी, नारळाची आणि केळीची झाडे. अशा सपाट प्रदेशात एक टेकडी उभी आहे. तिला हिराडोंगरी म्हणतात. वज्रगड नावाचा जुना किल्ला तो हाच. टेकडीवर दत्ताचे मंदिर आहे. टेकडी फार उंच नाही. पण धावत चढू लागलो, तर थोड्याच वेळात छाती धडधडू लागते.

समजा, तुमच्या वर्गाची सहल या टेकडीवर आली आहे. पायथ्याशी पोहोचताच मुले धावत सुटली. वर्गातला सर्वांत चपळ मुलगा हां हां म्हणता माथ्यावर पोहोचला. बाकीची मुले एकामागून एक आली. सर्वांच्या शेवटी एक मुलगा धापा टाकत वर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. अंगातला सदरा घामाने भिजला होता. कोणीतरी हसून म्हणाले, "काय रे, किती हा आळस!" बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात खेळाचे शिक्षक पुढे झाले. प्रत्येक मुलगा वर पोहोचताच त्यांनी त्याचे मनगट धरून नाडी मोजली होती. ते म्हणाले, "जो पहिला आला, त्याच्या नाडीचे दहा सेकंदांत २३ ठोके पडले. म्हणजे मिनिटाला १३८. जो शेवटी आला, त्याच्या नाडीचे दहा सेकंदांत ३० ठोके पडले. म्हणजे मिनिटाला १८०. आता तुम्हीच सांगा, जास्त कष्ट कोणी केले?"

मुले गप्प झाली. पहिला कोण आला, हे घड्याळाने सांगितले होते. पण कोणाच्या हृदयावर किती ताण पडला, हे घड्याळाला कुठे ठाऊक? ते नाडीने सांगितले. ज्याला सगळे आळशी म्हणत होते, त्याने आपली जवळजवळ सगळी ताकद पणाला लावली होती.

मुलांनो, ही नाडी म्हणजे काय, ते आता पाहू. उर्दूत आपण जिला नब्ज म्हणतो, तिलाच मराठीत नाडी म्हणतात. आपले हृदय छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेले असते. त्याचा आकार साधारणपणे आपल्या मुठीएवढा असतो. हृदय आकुंचन पावते, म्हणजे आवळले जाते, तेव्हा त्यातील रक्त जोराने रोहिण्यांत ढकलले जाते. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिणी म्हणतात. रक्ताच्या या धक्क्याने रोहिणी क्षणभर फुगते. मनगटाजवळ रोहिणी कातडीच्या अगदी खाली असते. म्हणून तेथे बोट ठेवले, की तो धक्का बोटाला जाणवतो. हाच नाडीचा ठोका. हृदय जितक्या वेळा आकुंचन पावते, तितके नाडीचे ठोके पडतात.

मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ७० वेळा धडधडते. दर ठोक्याला ते सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार करून पाहा. एका मिनिटात जवळजवळ पाच लिटर रक्त होते! दिवसभराच्या ठोक्यांची संख्या एक लाखापर्यंत जाते. हृदय आयुष्यभर सुट्टी घेत नाही. रमजान ईद असो की दिवाळी, त्याचे काम चालूच असते.

आपण धावू लागलो, की पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो रक्तातून येतो. मग रक्त लवकर लवकर पोहोचवायला हवे. त्यासाठी हृदय आपला वेग वाढवते. म्हणून धावताना नाडी जलद होते. जितके काम जड, तितकी नाडी जलद. यावरून व्यायाम हलका होत आहे की जड, हे आपल्याला कळते.

नाडी पाहण्याची कला फार जुनी आहे. आपल्याकडचे वैद्य आणि हकीम रोग्याची नाडी पाहून त्याच्या प्रकृतीचा अंदाज घेत. थोर हकीम इब्न सीना (इ.स. ९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून' या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नाडीचे अनेक प्रकार सांगितले आहेत. परंतु त्या काळी सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. नाडी जलद आहे की मंद, हे बोटांच्या सवयीवरूनच ठरवावे लागे. पुढे १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरांनी नाडी मोजण्यासाठी खास एक मिनिट चालणारे घड्याळ वापरले आणि त्याविषयी पुस्तक लिहिले. तेव्हापासून नाडी आकड्यांत सांगता येऊ लागली.

आज हातातल्या घड्याळासारखी यंत्रेही नाडी मोजतात. त्यांच्या मागच्या बाजूला हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला, की मनगटातले रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. त्यावरून यंत्र ठोके मोजते. पण असे यंत्र नसले, तरी काही बिघडत नाही. हात हलला किंवा पट्टा सैल झाला, तर यंत्रही चुकते. दोन बोटे आणि सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ, एवढे आपल्याला पुरे.

नाडी कशी मोजायची, ते नीट समजून घ्या. डावा हात तळवा वर करून ठेवा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला अलगद टेकवा. फार दाबू नका. दाबले तर ठोका नाहीसा होतो. अंगठ्याने नाडी पाहू नका. अंगठ्याची स्वतःची नाडीही आपल्याला जाणवते आणि मोजण्यात गोंधळ होतो. ठोका सापडला, की घड्याळाकडे पाहून ३० सेकंद ठोके मोजा आणि त्यांची दुप्पट करा. ही झाली एका मिनिटाची नाडी.

विश्रांतीची नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजावी. तीन-चार दिवस मोजून सरासरी काढली, तर आकडा अधिक भरवशाचा होतो. तुमच्या वयाच्या मुलामुलींची आणि मोठ्या माणसांची विश्रांतीची नाडी बहुधा मिनिटाला ६० ते १०० यांच्या दरम्यान असते. नियमित धावणाऱ्या किंवा पोहणाऱ्या खेळाडूंची नाडी ६० पेक्षाही कमी असू शकते. व्यायामाने त्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होते. विहिरीतून पाणी काढताना घागर मोठी असली, तर फेऱ्या कमी लागतात. तसेच हे आहे.

व्यायामानंतरची नाडी मात्र वेगळ्या रीतीने मोजावी लागते. आपण थांबलो, की ती झपाट्याने खाली येऊ लागते. म्हणून थांबताच लगेच नाडी शोधावी, फक्त १० सेकंद ठोके मोजावेत आणि आलेल्या संख्येला ६ ने गुणावे. हिराडोंगरीवर शिक्षकांनी हेच केले होते.

आता प्रश्न असा, की नाडी किती वाढू द्यावी? प्रत्येकाच्या हृदयाच्या वेगाला एक वरची मर्यादा असते. मोठ्या माणसांसाठी तिचा अंदाज काढण्याची एक सोपी रीत आहे. २२० मधून वय वजा करायचे. वय ४० असेल, तर मर्यादा सुमारे १८०. वय ६० असेल, तर सुमारे १६०. तुमच्या वयाच्या मुलांमध्ये ही मर्यादा साधारण २०० असते, असे धरून चालायला हरकत नाही. पण लक्षात ठेवा, हा केवळ अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

या मर्यादेच्या निम्म्यापासून ७० टक्क्यांपर्यंत नाडी गेली, तर तो मध्यम व्यायाम झाला. तुमच्यासाठी हा आकडा १०० ते १४० असा येतो. भरभर चालणे, सपाट रस्त्यावर सायकल चालवणे हे मध्यम व्यायाम होत. ७० ते ८५ टक्के, म्हणजे १४० ते १७० ठोके पडले, तर व्यायाम जोरदार झाला. धावणे, फुटबॉल, कबड्डी आणि खो-खो हे खेळ या गटात येतात. त्याहून वर नाडी गेली, तर आपण आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचलो आहोत, असे समजावे. तेथे फार वेळ टिकता येत नाही. शर्यतीत शेवटच्या क्षणी खेळाडू तेथे पोहोचतात. रोजच्या व्यायामात त्याची गरज नसते.

तुमच्यापैकी एखादा विचारील, "ज्यांची विश्रांतीची नाडीच वेगवेगळी आहे, त्यांना एकच आकडा कसा लागू पडेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. फिनलंड देशातील कार्वोनेन या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये व्यायाम आणि नाडी यांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांतीची नाडी लक्षात घेऊन हिशेब करण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विश्रांतीची नाडी हा टेकडीचा पायथा आणि वरची मर्यादा हा माथा, असे समजा. एका मुलीची विश्रांतीची नाडी ७० आहे. माथा २०० वर. दोहोंतले अंतर १३०. अर्धी वाट ६५ ची. म्हणजे अर्ध्या वाटेवर तिची नाडी ७० अधिक ६५, म्हणजे १३५ असेल. दुसऱ्या मुलीची विश्रांतीची नाडी ९० आहे. तिचे अंतर ११०. अर्धी वाट ५५ ची. तिची नाडी ९० अधिक ५५, म्हणजे १४५ असेल. आकडे वेगळे, पण दोघींचे कष्ट सारखेच! म्हणून आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आपला पायथा कोणता आणि आपण त्यापासून किती वर आलो, एवढेच पाहावे.

आकडेमोडीचा कंटाळा येत असेल, तर आणखी एक सोपी खूण आहे. चालताना किंवा धावताना शेजारच्या मित्राशी बोलून पाहा. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, असे झाले तर व्यायाम मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागले, तर तो जोरदार आहे. गाणेही आरामात म्हणता आले, तर पाय थोडे भरभर उचलायला हरकत नाही. नाडी आणि बोलणे या दोन्ही खुणा एकमेकींशी जुळवून पाहिल्या, की हळूहळू आपला अंदाज पक्का होतो. मग दर वेळी थांबून मोजण्याचीही गरज उरत नाही.

वसई-विरार शहरात २०११ मध्ये महापौर मॅरेथॉन सुरू झाली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची दौड. इतके अंतर धावणारे जाणकार धावपटू सुरुवातीला मुद्दाम जपून धावतात. बाजूने कोणी वेगाने पुढे गेला, तरी ते त्याच्या मागे लागत नाहीत. सुरुवातीलाच नाडी फार वर नेली, तर शरीरातील साठवलेली शक्ती लवकर संपते आणि शेवटचे किलोमीटर डोंगराएवढे वाटू लागतात. पहिल्या किलोमीटरला पुढे असणे आणि शेवटच्या किलोमीटरला उभे असणे, यांत फरक आहे.

केवळ व्यायामानेच नाडी वाढते, असे मात्र नाही. ताप, भीती, राग, अपुरी झोप आणि कडक चहा यांनीही ती वाढते. वसईसारख्या समुद्रकाठच्या गावात उन्हाळ्यात हवा दमट असते. घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालले, तरी नाडी नेहमीपेक्षा जास्त भरते. अशा दिवशी वेग कमी करावा, सावलीत थांबावे, पाणी प्यावे. रोजा किंवा उपवास असेल, तर भर उन्हात धावू नये; हलका व्यायाम करावा. सकाळी विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली, तर शरीराला आराम हवा आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अंगात ताप असताना तर व्यायाम मुळीच करू नये.

व्यायाम करताना छातीत दुखू लागले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हृदयाचे ठोके विचित्र पडू लागले, तर ताबडतोब थांबा. खाली बसा आणि मोठ्या माणसाला सांगा. "मित्र हसतील" असा विचार करून धावत राहू नका. एखादा मित्र खाली कोसळला आणि हाक मारूनही उत्तर देत नसेल, तर लगेच मोठ्यांना बोलवा आणि १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवा. घरातील आजोबा किंवा आजी हृदयविकारावर औषध घेत असतील, तर त्यांना आपले गणित सांगत बसू नका. काही औषधे नाडी मुद्दाम मंद ठेवतात. अशा माणसाने किती चालावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार व्यायाम करण्याचा सल्ला दिला आहे. आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात जोरदार व्यायाम असावा. हे ६० मिनिटे एकदम करायला हवेत, असे नाही. शाळेपर्यंत भरभर चालणे, मधल्या सुट्टीतील खेळ, संध्याकाळी सायकल, दोरीवरच्या उड्या, सगळे मिळून हिशेबात धरता येते. मुलींना मैदानावर जाता येत नसेल, तर घराच्या अंगणात किंवा गच्चीवरही दोरीवरच्या उड्या मारता येतात. नाडीला जागा कळत नाही. तिला फक्त कष्ट कळतात.

आता पुन्हा हिराडोंगरीवर येऊ. शेवटी आलेल्या त्या मुलाला शिक्षक म्हणाले, "बेटा, उद्यापासून तू इतरांच्या मागे धावू नकोस. तुझी नाडी १४० च्या आसपास राहील, इतक्याच वेगाने चाल. रोज वहीत तारीख, अंतर, वेळ आणि नाडी लिहून ठेव. दोन महिन्यांनी आपण पुन्हा येथे येऊ."

असे नियमाने केले, तर काय होईल? काही आठवड्यांत त्याच चढावर, त्याच वेगाने चढताना त्याची नाडी पूर्वीपेक्षा कमी भरेल. माथ्यावर पोहोचल्यावर ती लवकर खाली येईल. कदाचित तो तेव्हाही पहिला येणार नाही. पण वहीतले आकडे त्याला सांगतील, की तो कालच्यापेक्षा आज पुढे आहे. ज्या दिवशी हे कळते, त्या दिवशी हसणाऱ्यांचे हसू टोचत नाही.

आणि जो पहिला आला होता, त्याचे काय? त्यालाही नाडीने एक गोष्ट शिकवली. जो मागे राहतो, तो कमी मेहनत करतो, असे नाही. म्हणून मागे राहिलेल्याला हसण्यापूर्वी त्याचे मनगट हातात घ्यावे आणि दहा सेकंद शांतपणे ठोके मोजावेत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिराडोंगरी कोणत्या गावात आहे?
(आ) नाडी अंगठ्याने का पाहू नये?
(इ) विश्रांतीची नाडी केव्हा मोजावी?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धावताना नाडी जलद का होते?
(आ) व्यायामानंतर नाडी फक्त दहा सेकंद का मोजतात?
(इ) जाणकार धावपटू सुरुवातीला जपून का धावतात?

३. कारण सांगा.
शेवटी आलेल्या मुलाला आळशी म्हणणे चूक होते.

४. पुढील उर्दू शब्दांसाठी पाठात आलेले मराठी शब्द शोधून लिहा.
नब्ज, दिल, साँस, बुखार, मेहनत.

५. उपक्रम
वर्गातील मित्र-मैत्रिणींच्या जोड्या करा. एकमेकांची विश्रांतीची नाडी मोजा. मग तीन मिनिटे मैदानात भरभर चाला आणि पुन्हा नाडी मोजा. आलेले आकडे वहीत तक्ता करून लिहा. तक्त्यात पहिला-दुसरा क्रमांक देऊ नका.